कोयता : फडातला आणि फोनातला

दिवाळी सरली की आपल्याकडचे तांडे आणि वस्त्या ओस पडायला लागतात. सोनपेठ, गंगाखेड, तिकडे परळी, धारूर, माजलगाव, या साऱ्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सोलापूरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची तर पाच-सहा महिने फडात राहणे भाग. या धंद्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि एकटा गडी असला तर अर्धा कोयता. म्हणजे माणसांची मोजदादच कोयत्यात होते. मागे गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. गेल्या काही वर्षांपासून त्यांच्यासोबत मोबाईलही राहतो. आई-बापाशी बोलता यावे म्हणून घेऊन दिलेला.

मागच्या हंगामात माझ्याकडच्या एका गावात सातवीतल्या पोराने घरातला जुना कोयता काढला. स्टेटसला टाकायला ‘भाई’ची चित्रफीत करायची होती. एकाने मोबाईल धरला, दुसरा समोर उभा राहिला. फोनवर गाणे लावले आणि गाण्याच्या ठेक्यावर कोयता फिरवला. समोरच्या पोराच्या हाताला लागले आणि सात टाके पडले. थोडक्यात निभावले एवढेच. दोन्ही पोरं एका बाकावर बसणारी, त्यांच्यात भांडण नव्हते, राग नव्हता. कोयता फिरवणाऱ्या पोराची आजी मला म्हणाली, “साहेब, म्या त्याला भाकर करून घालू का त्याच्या मोबाईलवर नदर ठिवू?” तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

वाचकहो, शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण कोयता हे आपले अवजार आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्येसुद्धा निव्वळ घरकामाची व शेतीकामाची अवजारे शस्त्रांत धरलेली नाहीत. तरी २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द रोजच्या बातमीत यायला लागला. गिऱ्हाईकाचे आधारकार्ड पाहिल्याशिवाय कोयता विकू नये, अशा सूचना तिथल्या पोलिसांना दुकानदारांना द्याव्या लागल्या. ज्या वस्तूवर आपल्या भागातील हजारो घरांची चूल पेटते, ती वस्तू आपल्याच लेकरांना मोबाईलमध्ये वेगळ्याच कामाला लावलेली दिसते. आई-बापाच्या हातातला कोयता मात्र ती सहा-सहा महिने पाहत नाहीत.

पडद्यावरचे पाहून पोरं बिघडतात, ही ओरड जुनी आहे. मी स्वतः ‘शक्तिमान’ पाहून वाढलो. १९९७ साली दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या गावात टीव्ही मोजकेच, आणि लाईट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायची. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून काही लेकरांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या त्या काळात आल्या होत्या. त्यातले खरे किती, यावर मुकेश खन्ना यांनी वाद घातला. पण पुढे मालिकेतच लेकरांना समजावणीच्या चार गोष्टी सांगायला सुरुवात झाली. त्याच्याही आधी, १९६१ साली, अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीच्या वयाच्या ७२ मुलांवर प्रयोग केला होता. मोठ्या माणसाला फुगीर बाहुली बडवताना पाहिलेली मुले एकटी सोडल्यावर तशीच बाहुली बडवू लागली. १९६३ मध्ये त्यांनी तेच दृश्य पडद्यावर दाखवून पाहिले, तेव्हाही मुलांनी अनुकरण केलेच. आता बाहुली मारणे आणि माणूस मारणे यात फरक आहे आणि पुढे जाऊन अशी मुले गुंड होतात का, यावर जाणत्यांचे अजूनही एकमत नाही. पण लेकरू पाहिलेले करून बघते, एवढे तर आपल्याला घरातही दिसते.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षे असे वयाचे टप्पे आले. परंतु तीस सेकंदांच्या रीलला कोण प्रमाणपत्र देतो? मोबाईल काढून घ्यावा तर आईचा फोन येणार कशावर?

याच सुमारास गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मला बोलावले. कारण साधे होते. मी कामापुरत्या मोबाईलवर छोट्या चित्रफिती करतो. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे ठेवून उगवण कशी मोजायची, शंखी गोगलगाय संध्याकाळी कशी गोळा करायची, असले विषय. आवाज भरणे, कापणे, जोडणे हे मी चुकत-माकत शिकलो. या कामात एक गोष्ट लक्षात आली. विद्यापीठातल्या मोठ्या साहेबांच्या चित्रफितीपेक्षा शेजारच्या गावच्या शेतकऱ्याची, त्याच्याच बोलीतली चित्रफीत लोक जास्त मन लावून बघतात. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात २००६ साली रिकिन गांधी व सहकाऱ्यांनी ‘डिजिटल ग्रीन’ नावाचे काम सुरू केले, तेही याच पायावर उभे राहिले. गुरुजी म्हणाले, “भाषण नको. पोरांना कापाकापी शिकवा. चित्रफितीची, म्हणतो मी.”

शहरात याला मॅशअप म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर कलम. खुंट एका झाडाचा, डोळा दुसऱ्याचा. एका चित्रफितीचे चित्र घ्यायचे, दुसरीचा आवाज घ्यायचा आणि जोडून पाहायचे. अमेरिकेत जोनाथन मॅकिन्टॉश यांनी खेळण्यांच्या जाहिरातींवर हाच प्रयोग करायचे साधन तयार केले. मुलांच्या लढाईच्या खेळण्यांचे चित्र आणि मुलींच्या खेळण्यांचा आवाज एकमेकांना लावला की जाहिरात आपल्याला काय विकायला बघते ते लगेच उघडे पडते.

पण एवढे लांब जायला नको. आपल्या मालेगावात शेख नासिर यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता दोन व्हीसीआर जोडून हे काम शिकून घेतले. पुढे २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. नट सारे गावचे आणि कॅमेरा लग्नाची शूटिंग करतात तसला. ‘मालेगाव का सुपरमॅन’ची घडण फैजा अहमद खान यांच्या २००८ सालच्या माहितीपटात पाहायला मिळते, आणि २०२५ मध्ये तर या साऱ्यावर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट आला. त्यांचा सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान. पुढे तो कर्करोगाने गेला. तो उडायला गेला की लोक हसायचे. ज्याला एकदा मनापासून हसलो, त्याच्यासारखे होण्याची हौस थोडी तरी उतरते, असे माझे मत आहे.

असो. आमच्या वर्गात सातवी-आठवीची अकरा मुले होती. दोन मोबाईल आणि गुरुजींचा जुना लॅपटॉप. मुलांनी त्यांच्या आवडीचे रील काढून दिले. एक तरुण कोयता घेऊन मोटारीतून उतरतो, मागून गाणे, समोर चारजण पडतात. पहिल्यांदा मी नुसता आवाज बंद केला. तोच तरुण, तीच चाल, पण पोरं फिदीफिदी हसायला लागली. एकजण म्हणाला, “सर, हा तर बाजारात पिशवी इसरल्यावानी चालून राह्यला.” मग तुकडे मोजायला सांगितले. तीस सेकंदांत सतरा तुकडे निघाले. कोयता वर जातो तो एक तुकडा, माणूस पडतो तो दुसरा. मधला, लागण्याचा तुकडाच नाही. पडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हेही कुठे नाही. “त्याला दवाखान्यात कोणी नेलं?” असे एका मुलीने विचारले. हाताला टाके पडलेले पोरगे पुढच्याच रांगेत बसले होते. ते म्हणाले, “मला बापूकाकानं नेलं, मोटरसायकलवर.” वर्गात कोणी हसले नाही. कोयता फिरवणारा मागे बसला होता, तो बाकावर नख ओढत राहिला.

त्याच मुलीच्या आईने फडातून व्हॉट्सअपवर एक चित्रफीत पाठवलेली होती. पहाटेचा अंधार, बॅटरीचा उजेड, पाचटाचा आवाज, खाली वाकून बुडख्यावर कोयता, शेंडा छाटायचा, मोळी बांधायची. मधेच खोकला. मागून मुकादम ओरडतो, गाडी भरायला चला. मुलांनी हा आवाज त्या रीलच्या चित्राखाली लावला. आता मोटारीतून उतरलेला तरुण कोयता उगारतो आणि ऐकू येतो खच्च खच्च ऊस तुटल्याचा आवाज अन् बाईचा खोकला. मग उलटे केले. रीलचे दणकेबाज गाणे आईच्या चित्राखाली लावले. आई मोळी डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या फळीवर चढते, त्याच वेळेला गाण्याचा ठेका वर जातो. पोरांनी बाक वाजवले. ती मुलगी आधी लाजली आणि मग म्हणाली, “परत लावा.” तिच्यासाठी पाच वेळा लावले.

सगळेच जमले असे मात्र सांगत नाही. एका गटाने तीन-चार रीलमधले मारामारीचे तुकडे एकत्र केले. उद्देश टीकेचा होता. पण त्यांनी ते इतके झकास जोडले की मूळ रीलपेक्षा तेच भारी झाले आणि मुले ते आपल्या मोबाईलवर मागू लागली. तण काढायला गेलो आणि तणाचेच बी पेरून आलो. ती चित्रफीत आम्ही काढून टाकली. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. दुसरा आवाज किंवा दुसरे चित्र आपल्या घरचे, आपल्या शिवारचे असले पाहिजे. नुसती मारामारीला मारामारी जोडली तर कलम फुटत नाही.

ग्रामसेवक भाऊसाहेब आणि शाळा समितीचे सदस्य कायद्याचे विचारतात, तेही सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी दुसऱ्याच्या कामाचा वाजवी वापर करण्याची मुभा आहे. म्हणजे पूर्ण सिनेमा उतरवून घ्यायला परवानगी नाही, लागेल तेवढाच तुकडा घ्यावा. लेकरांचे चेहरे बाहेर जाऊ देऊ नयेत, आई-बापाची परवानगी घ्यावी. आम्ही जे केले ते वर्गाबाहेर कुठेच टाकलेले नाही. इन्स्टाग्रामवर खाते काढायला तर त्यांच्याच नियमाप्रमाणे १३ वर्षे पुरी लागतात, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते.

खर्च म्हणाल तर शून्य. कापायचे-जोडायचे अॅप फुकट मिळते, दोन तास लागतात. आवाज बंद करून बघणे तर अॅपशिवायही होते आणि ते आजीलाही जमते. परवा गेलो तेव्हा आजीने सांगितले की नातू अजून तसले बघतो. “पण आवाज बंद करून मला दावतो अन् हसतो,” म्हणाली. जुना कोयता तिने आढ्याला खोचून ठेवलाय.

मुलीच्या आईला आम्ही फोन करून परवानगी विचारली होती. ती “करा की” म्हणाली आणि बघायला मागितली. पण त्या फडात नेटवर्क फक्त बांधावरच्या एका झाडाखाली येते आणि तिथे जायला तिला वेळ होत नाही. त्यामुळे तिने अजून पाहिलेली नाही. त्यांची टोळी शिमग्याच्या मागे-पुढे गावी परत येते.