वेंगुर्ल्याच्या खडकांवरील वीण आणि कॅमेऱ्याचे अंतर

कोल्हापूर प्रादेशिक वनवृत्तात सह्याद्रीच्या जंगलांबरोबर किनाऱ्याकडचा सावंतवाडी वनविभागही येतो, आणि त्या किनाऱ्यापासून दहा किलोमीटरांहून अधिक आत, अरबी समुद्रात उघड्या कातळांचा जो पुंजका आहे, त्याला नकाशांवर वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड्स असे नाव आहे. भारताच्या मुख्य भूमीलगत समुद्रपक्षी वीण घालतात अशी ठिकाणे फारच थोडी असल्यामुळे या खडकांचे महत्त्व त्यांच्या आकारापेक्षा कितीतरी मोठे आहे. पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूम १८७५ मध्ये येथे येऊन गेले, तर पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय आणि पाकोळ्या यांच्यावरील लेख १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

पंचगंगेच्या खोऱ्यातील जलाशयांवर दिसणारा नदी सुरय कोल्हापूरकरांच्या परिचयाचा आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण घालणारा ब्रायडल्ड टर्न हा त्याचाच सागरी भाऊबंद असून एरवी तो खुल्या समुद्रावर वावरतो आणि केवळ विणीसाठी जमिनीला पाय लावतो. त्याची मादी एका विणीत एकच अंडे घालते, तेही बहुधा खडकाच्या कपारीत किंवा पुढे आलेल्या दगडाच्या आडोशाला. ही वीण मुख्यतः पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे होते, म्हणजे नेमकी समुद्र खवळण्याच्या आणि मासेमारी बंद होण्याच्या सुमारास. त्यामुळे छायाचित्रकाराच्या वाट्याला येतात ते बहुधा पावसाआधीचे कडक उन्हाचे दिवस.

येथेच छायाचित्रणाचा प्रश्न शरीरशास्त्राचा होतो. पक्ष्याच्या अंड्यातील भ्रूणाची वाढ सुमारे ३६ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानात नीट होते. तापमान उतरले तर वाढ मंदावते किंवा थांबते आणि भ्रूण काही काळ तग धरतो, पण ते चाळिशीच्या वर गेले की थोडा वेळही घातक ठरू शकतो. उष्ण कटिबंधातील समुद्रपक्षी अंड्यावर बसतो तो पुष्कळदा ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठी. माणूस जवळ येताच पक्षी ज्या अंतरावर घरटे सोडतो, त्याला उड्डाण-अंतर म्हणतात. ते ओलांडून कॅमेरा पुढे सरकला की कपारीबाहेरचे अंडे तापत्या कातळावर उघडे पडते आणि भक्षकाला वाट मोकळी होते. थव्यातला एक पक्षी दचकला की सारी वसाहत उठते, म्हणून एका घरट्याच्या चित्राची किंमत अनेक घरट्यांना मोजावी लागते. दूरच्या होडीतून, लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपलेले आणि पक्षी घरट्यावर स्वस्थ बसलेला दाखवणारे चित्र वैज्ञानिकदृष्ट्याही अधिक मोलाचे असते, कारण त्यात नोंदले जाते ते पक्ष्याचे वर्तन, त्याची भीती नव्हे.

घरट्यांच्या छायाचित्रणाचे आद्य साधक, इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे बंधू, दोराने कड्यांवरून खाली उतरत आणि बैलाच्या पोकळ प्रतिकृतीत दडून बसत. त्यांचे धाडस थोर होते, परंतु त्यांच्या लपणाचा विचार आजही अधिक उपयोगी आहे.

या खडकांतील गुहेतल्या पाकोळ्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. ही पाकोळी अंधारात टक्‌टक् असा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. वटवाघळाच्या ध्वनीप्रमाणे तो माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडचा नसून कानाला स्पष्ट ऐकू येतो. ती आपल्या घट्ट होणाऱ्या लाळेने कातळाला घरटे चिकटवते, आणि पूर्व आशियात या लाळेच्या घरट्यांचे सार महागड्या पदार्थांत गणले जात असल्याने घरट्यांची चोरी हे या पक्ष्यावरचे मोठे संकट ठरले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने येथील पाकोळ्यांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले, ते याच कारणाने. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना व्यत्यय आणणे याचाही समावेश आहे. म्हणून गुहेत झोतदिवा वा फ्लॅश वापरू नये; शिवाय आधुनिक कॅमेरे आणि मोबाइल चित्रासोबत अक्षांश-रेखांश आपोआप साठवू शकतात, तेव्हा ही माहिती संशोधकांच्या नोंदीत ठेवून प्रसिद्ध होणाऱ्या चित्रातून काढून टाकणे छायाचित्रकाराने आपले कामच समजावे.