भट्टी थंड कां पडते?

भुसावळनजीक दीपनगर येथें कोळशाच्या उष्णतेपासून वीज निर्माण होते. आणि फैजपुरासारख्या गांवीं बेकरींत विजेची भट्टी असली, तर तिच्यांत विजेची पुनः उष्णता होते. हा व्यवहार मध्येंच खंडित झाल्यास दोष कोठें शोधावा, हें आम्ही येथें सांगत आहों.

मोठ्या भट्टीस वीज बहुधा तीन फेजांवाटें मिळते. त्यांपैकीं एक गेली, तरी दिवा दुसऱ्या फेजवर असल्यास लागतो. मात्र उष्णता पुरत नाहीं, आणि पाव कच्चा राहतो. म्हणून दिव्यावर विसंबूं नये. शेजारींही तीच स्थिति असेल, तर दोष बहुधा बाहेरचा. नसेल, तर प्रथम फलकावरील फ्यूज, मग थर्मोस्टॅट व शेवटीं एलिमेंट, असा क्रम ठेवावा.

पावसाळ्यांत पुष्कळ दिवस बंद राहिलेल्या भट्टीच्या एलिमेंटमधील मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओल शोषते. मग भट्टी सुरू करतांच वीज धातूच्या अंगावाटें जमिनीकडे गळते, आणि गळतीरक्षक स्विच पडतो. मनुष्याच्या रक्षणार्थ बसविलेला असा स्विच सामान्यतः 30 मिलिअँपिअर गळतीस पडतो. तो वारंवार वर करणें, किंवा त्यास वगळून तार जोडणें, म्हणजे पहारेकऱ्यास बांधून दार उघडें टाकणें होय.

बालमित्रांनो, फ्यूज असो वा एलिमेंट, तपासणी जाणत्या कारागिरानेंच, मुख्य स्विच बंद करून करावी. एक घाणा वाया गेला, तर दुसरा भाजतां येतो. गेलेला जीव परत येत नाहीं.