स्लॅबमधला एक जादा पाईप

मुरबाडहून माळशेजकडे निघाले की सरळगावनंतर टोकावडे लागते. कल्याण-नगर रस्त्यालगतच्या या पट्ट्यात घराची जातच बदलली आहे. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप आणि वर कौले, अशी घरे मागे पडली. विटांच्या भिंतींची, स्लॅबची दुमजली घरे उभी राहिली आणि पावसापासून बचाव म्हणून त्यांच्या गच्च्यांवर पत्रे चढले. खाली वायफाय सुसाट आणि वरच्या खोलीत रेंजची एकच दांडी, ही तक्रार या नव्या घराबरोबर आली. तिच्यावर बहुतेक घरांत दोनच उपाय होतात: मोठा प्लॅन घेणे नाहीतर आणखी दांड्यांचा राऊटर आणणे. दोन्हींनी फारसे साधत नाही. अडचण स्लॅबची आहे आणि तिचे खरे उत्तर म्हणजे त्या स्लॅबमधून वर नेलेली एक तार.

पार्श्वभूमी थोडक्यात. वायफायचे पहिले प्रमाण 1997 साली ठरले. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 साली परवानामुक्त झाला. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा 2018 साली बराच मोकळा झाला. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसऱ्याची पाच-सहा सेंटिमीटरची. पहिली अडथळ्यातून जास्त निभावते, दुसरी जवळच्या जवळ जास्त वेग देते.

या लांबीचा आणि जाळीचा संबंध समजला की घराकडे बघण्याची नजर बदलते, आणि तो बघायला टोकावड्याहून फार लांब जावे लागत नाही. माळशेज चढून ओतूर, आळेफाटा मागे टाकले की नारायणगावजवळ खोडद आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, पण त्यांना पत्रा नाही. पृष्ठभाग आहे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेच्या जाळीचा, आणि तिची भोके 10 ते 20 मिलिमीटरची. वारा त्यातून निघून जातो, 21 सेंटिमीटरची लहर मात्र जात नाही, कारण भोक लहरीच्या मानाने फार लहान असले की लहरीला ती जाळी सलग आरशासारखीच असते. इतक्या प्रचंड तबकड्या हलक्या आणि स्वस्त झाल्या त्या या एका सूत्रावर. आता तीच नजर घरात आणा. खिडकीची धातूची डासजाळी, कॉलम आणि विटांच्या सांध्यावर प्लॅस्टरखाली ठोकलेली कोंबडीजाळी, गच्चीवरचे पत्रे: वायफायच्या दृष्टीने हे सगळे आरसेच. नायलॉनची डासजाळी तसे काही करत नाही. आणि मला सर्वात मोलाची वाटते ती गोष्ट पुढेच आहे: आकाशातल्या क्षीण लहरी टिपणाऱ्या या तबकड्या टिपलेले मध्यवर्ती इमारतीपर्यंत हवेतून पाठवत नाहीत. तिथवर ऑप्टिकल फायबर टाकलेले आहे.

स्लॅबचा दोष मात्र एकट्या सळयांचा नाही. सहा-सहा इंचांवर आडव्या-उभ्या बांधलेल्या सळयांतून साडेबारा सेंटिमीटरची लहर बरीच निसटते; बीमजवळ सळया दाटतात तिथे कमी. बाकीचे शोषून घेते ते काँक्रीट, त्यातही ओलावा धरलेले. नवा स्लॅब कितीतरी महिने आतून ओला असतो, आणि या भागात पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. हिशेब साधा आहे. एका स्लॅबने 15 डेसिबल घेतले असे धरले, तर वर उरते ताकदीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे. दोन स्लॅब ओलांडले की हजारावा भाग. त्यात राऊटरची उभी दांडी लहर आडवी पसरवते, थेट डोक्यावर सर्वात कमी. म्हणजे दांड्या सरळ उभ्या ठेवून वरच्या मजल्याची आशा धरणे म्हणजे नळ खाली वळवून माळ्यावर पाणी मागणे. एक दांडी आडवी करावी. राऊटर कोपऱ्यातल्या टीव्हीमागून काढून जिन्याजवळ उंचावर ठेवावा, कारण स्लॅबला पडलेले मोठे भोक तेवढेच. एवढ्याने ज्यांचे भागते त्यांनी पुढे खर्च करू नये.

जास्त ताकदीचा राऊटर का नको, असे कोणी विचारील. ताकदीला नियमाने मर्यादा आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे हा संवाद दुतर्फी आहे. राऊटर कितीही ओरडला तरी उत्तर मोबाईलच्या बारीक आवाजातच खाली यायचे असते. दुसरा आक्षेप मेशचा: बिनतारी डबे मजल्यागणिक ठेवले की झाले. हा आक्षेप वजनदार आहे, भाड्याच्या घरात तर मेशच बरा. पण डब्याडब्यांमधले बोलणेही त्याच स्लॅबमधून जाते, आणि एकाच पट्ट्यावर घेणे-देणे दोन्ही करताना वेग निम्म्यावर येतो. तेच डबे तारेने जोडा, मग त्यांचे चीज होते. तिसरा आक्षेप खर्चाचा. तयार घर फोडायचे तर तो खरा आहे. बांधायच्या घरात नाही.

कॅट-सिक्स तार 100 मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग नेते. दुमजली घराला तिचा तुकडाच पुरतो. योग्य उपकरणे घेतली तर वरच्या डब्याला वीजही तिच्यातूनच मिळते. दोन्ही मजल्यांवर नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा, 2.4 वर वाहिन्या मात्र वेगळ्या, खाली 1 तर वर 6 किंवा 11. वरच्या-खालच्या डब्यांची ताकद थोडी उतरवावी, म्हणजे मोबाईल खालच्याच डब्याला चिकटून राहत नाही. तांब्याची तार गच्चीवरून किंवा शेजारच्या घरापर्यंत उघड्यावरून नेऊ नये. वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा तिच्यातून आतली उपकरणे जाळू शकतात. घराबाहेर फायबरच हवे.

दिवाळीनंतर पाऊस हटतो आणि गावोगाव बांधकामे सुरू होतात. तुमचे घर त्यात असेल तर सेंटरिंग लागल्यावर, सळया बांधून झाल्यावर, ओतकामाच्या आदल्या दिवशी वायरमनला थांबवा. विजेच्या पाईपांपासून वीतभर लांब, खालच्या राऊटरच्या जागेपासून वरच्या मजल्याच्या मध्यापर्यंत, 25 मिलिमीटरचा एक जादा पाईप टाकायला सांगा, आणि आत ओढदोरी सोडायला विसरू देऊ नका.