वाहता आवाज वळवताना

बोलीचा अभ्यास करणाऱ्याचा बराचसा काळ ऐकण्यात जातो. गावात जाऊन ध्वनिमुद्रण करणे हा त्यातला लहान भाग. खरे काम त्यानंतरचे : घरी बसून तीच चार वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकायची आणि शब्द कागदावर उतरवायचे. हेमा रैरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. या दोन्ही कामांत हे असे ऐकणे अटळ होते. झाडीबोलीतले माझे काम त्यांच्या मानाने चिमूटभर आहे, पण साधन तेच : संगणक आणि कानाला हेडफोन.

माझा जुना लॅपटॉप लिनक्सवर चालतो. या लेखाचा विषय त्यावरची एक किरकोळ वाटणारी क्रिया आहे : आवाज चालू असताना, तो न थांबवता, हेडफोनमधून स्पीकरवर नेणे किंवा उलट. गाणे सांगणारी आजी समोर बसलेली असते. तिच्या एखाद्या शब्दावर मी अडतो आणि तिलाच तो ऐकवायचा असतो. गाणे थांबवून, दुसरे यंत्र निवडून, जागा शोधून पुन्हा लावेपर्यंत तिचे लक्ष अंगणातल्या कोंबड्यांकडे गेलेले असते. चालू प्रवाह वळवता आला तर ती त्याच ओळीवर मान डोलावते आणि शब्द सांगून टाकते.

प्रवाह हा शब्द मी मुद्दाम वापरला. लिनक्समधल्या ध्वनिव्यवस्थेची सगळी परिभाषा पाण्याची आहे. आवाज जिथून येतो तो ‘सोर्स’, म्हणजे उगम. जिथे जातो ते ‘सिंक’, म्हणजे चक्क आपली मोरी. मधला तो ‘स्ट्रीम’, आणि आजच्या व्यवस्थेचे नाव ‘पाइपवायर’, त्यातही नळ आहेच. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांच्या आमच्या भंडारा-गोंदियाकडे हे समजावणे सोपे जाते. पाटाचे पाणी एका बांधीतून दुसरीकडे न्यायचे तर तलावाला विचारावे लागत नाही. धुऱ्याला एका जागी तोंड पाडायचे, दुसरे तोंड चिखलाने बुजवायचे. गाणे वाजवणारा प्रोग्राम हा तलाव. पाणी कोणत्या बांधीत गेले याचा त्याला पत्ता नसतो, आणि नसावाच.

पूर्वी मात्र असे नव्हते. नव्वदच्या दशकात लिनक्सवरचा प्रोग्राम थेट ध्वनियंत्रालाच हात घालत असे. एकाने यंत्र धरले की बहुधा दुसऱ्याला ‘यंत्र व्यस्त आहे’ असे उत्तर मिळे. यारोस्लाव किसेला यांनी सुरू केलेली ‘अल्सा’ ही यंत्रणा डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 या कर्नलमध्ये मुख्य झाली. यंत्रांशी बोलणे तिने सुधारले, पण वाजत असलेला आवाज उचलून दुसरीकडे ठेवणे तिच्या कक्षेत नव्हते. त्यासाठी प्रोग्राम आणि यंत्र यांच्या मध्ये कोणीतरी पाटकरी हवा होता.

तो 2004 मध्ये लेनार्ट पॉटरिंग यांनी आणला. आधीचे नाव ‘पॉलिपऑडिओ’, नंतरचे ‘पल्सऑडिओ’. 2007 च्या फेडोरा 8 मध्ये तो आपोआप बसू लागला आणि पुढची काही वर्षे त्याला लोकांनी मनसोक्त शिव्या दिल्या. त्यातल्या निम्म्या शिव्या मला अन्यायाच्या वाटतात. ध्वनिकार्डांच्या ड्रायव्हरांमधले आजवर झाकलेले दोष त्याच्यामुळे उघडे पडले होते. पुढे विम टायमन्स यांनी आधी चित्रफितींसाठी रचलेली पाइपवायर ध्वनीकडेही वळली. एप्रिल 2021 च्या फेडोरा 34 मध्ये आणि ऑक्टोबर 2022 च्या उबुंटू 22.10 मध्ये तिने पल्सऑडिओची जागा घेतली. जुन्या प्रोग्रामांशी ती पल्सऑडिओच्याच भाषेत बोलते, म्हणून बदल झाल्याचे बहुतेकांना कळलेही नाही.

आता प्रत्यक्ष वळवण्याकडे. सेटिंग्जमधल्या ‘साउंड’ भागात आउटपुट यंत्र बदलले की मुख्य पाट वळतो आणि त्यावर अवलंबून असलेले सगळे आवाज एकदम जातात. एकच आवाज हलवायचा असेल तर ‘पल्सऑडिओ व्हॉल्युम कंट्रोल’ नावाचा छोटा प्रोग्राम घ्यावा. त्याच्या ‘प्लेबॅक’ पानावर वाजत असलेल्या प्रत्येक आवाजाची वेगळी ओळ दिसते आणि ओळीशेजारी यंत्राचे नाव. ते बदलले की तेवढाच आवाज जातो. इथे एक खोच आहे. असा एकट्याने हलवलेला आवाज ही निवड लक्षात ठेवतो. पुढच्या आठवड्यात मुख्य यंत्र बदलूनही तो प्रोग्राम जुन्याच बांधीत पाणी सोडत राहतो आणि माणूस बिघाड शोधत बसतो. बिघाड नसतो. व्यवस्थेने तुमचा शब्द पाळलेला असतो.

वळणावर क्वचित बारीक खाच ऐकू येते. प्रत्येक ध्वनियंत्र स्वतःच्या स्फटिक-घड्याळावर सेकंदाला 48,000 किंवा 44,100 नमुने मोजते, आणि दोन घड्याळे तंतोतंत कधीच जुळत नाहीत. पाटकऱ्याला जुन्या यंत्राकडे आधीच दिलेला साठा सोडून नव्याच्या तालात नमुने बसवावे लागतात. त्यामुळे ओवीतला विराम किंवा स्वराचे दीर्घत्व मोजताना वळवलेल्या जागेवर विसंबू नये.

ब्लूटूथ हेडफोनचा मामला वेगळा आणि बोली-अभ्यासकासाठी जास्त गंभीर आहे. नुसते ऐकताना ते चांगल्या दर्जाच्या, एकाच दिशेच्या पद्धतीवर चालतात. एखाद्या प्रोग्रामने त्यांचाच मायक्रोफोन उघडला की पाइपवायरची व्यवस्था त्यांना आपोआप टेलिफोनी पद्धतीवर नेऊ शकते. मग आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो, कारण नमुने सेकंदाला 8,000 किंवा 16,000 वर येतात. 8,000 नमुन्यांत 4,000 हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही, आणि ‘स’चा सुसकारा बराचसा तिथेच वर असतो. ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’तला च यांतला फरकही याच वरच्या पट्टीत मोठ्या प्रमाणात कळतो. प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी झाडीबोलीत येणारा ‘र’ एक वेळ ओळखता येईल, पण दोन ‘च’ नाहीत. असल्या आवाजावरून उतरवलेल्या शब्दसूचीवर मी विश्वास ठेवणार नाही. मुद्रणासाठी मायक्रोफोन वेगळा, तारेचा हवा.

या क्रियेला मी किरकोळ म्हणत नाही याचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. प्रवाह आपण वळवतो तसा तो आपल्याला न विचारताही वळतो. ब्लूटूथची बॅटरी संपली की मोरी नाहीशी होते आणि पाटकरी पाणी वाया जाऊ देत नाही, ते लॅपटॉपच्या स्पीकरवर सोडतो. गाणे सुरूच राहते. अँड्रॉइड फोनवर अशा वेळी प्रोग्रामांना इशारा मिळतो आणि चांगले प्रोग्राम थांबतात. लिनक्सच्या डेस्कटॉपवर तसे घडेलच असे नाही. आता टेपवर काय असते ते पाहा. ओवी सांगता सांगता बाई सासरची, नवऱ्याची, मेलेल्या लेकराची गोष्ट बोलून जाते आणि म्हणते, हे कुणाला ऐकवू नका जी. ती गोष्ट माझ्या बैठकीत चहाला आलेल्या, कदाचित तिच्याच गावच्या पाहुण्यासमोर मोठ्याने वाजू लागली तर पाहुण्याला आवाज ओळखायला दोन शब्द पुरतात.

तारेच्या हेडफोननेही हे टळत नाही. बहुतेक लॅपटॉपवर स्पीकर आणि हेडफोन ही दोन यंत्रे नसून एकाच यंत्राची दोन तोंडे, म्हणजे पोर्ट असतात. पिन निसटली की तोंड बदलते, प्रवाह जागचा हलतही नाही. पण याच रचनेत उपाय आहे. व्यवस्था प्रत्येक पोर्टचा आवाज आणि त्याचे मूकपण वेगवेगळे लक्षात ठेवते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी हेडफोन काढलेले असतानाच स्पीकर मूक करायचा आणि मग पिन घालायची. मध्येच पिन निसटली किंवा ब्लूटूथ गेले, तर पाणी स्पीकरकडे वळते खरे, पण ते तोंड बुजलेले असते. आजीला ऐकवायचे असेल तेव्हा मूकपणा हाताने काढायचा, आणि ती उठून गेली की पुन्हा लावायचा.