हात हलवायचा विचार नेमका कसा करायचा?

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात एका प्रदर्शनात ९९ जणांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले गेले. सगळे धडधाकट. पडद्यावर खूण आली की उजवा हात किंवा दोन्ही पाय हलवत असल्याची कल्पना करायची, प्रत्यक्षात मात्र जराही हलायचं नाही. कल्पना हाताची की पायांची, हे मेंदूच्या लहरींवरून संगणकाने ओळखायचं. अर्ध्या तासाच्या आत ९३ टक्के लोकांच्या बाबतीत संगणकाची साठ टक्क्यांहून अधिक उत्तरं बरोबर आली. २००३ साली छापून आलेला हा आकडा ऐकायला छान वाटतो. पण नाणं उडवूनही पन्नास टक्के उत्तरं बरोबर येतातच. नव्वदी गाठणारे शंभरात जेमतेम सहा निघाले.

धडधाकट माणसांची ही गत, तर लकवा झालेल्या माणसाचं काय? मेंदूच्या लहरींवर चालणाऱ्या उपचारयंत्रांबद्दल बोलताना हा प्रश्न बहुतेकदा मागे पडतो. कौतुक यंत्राचं होतं. यंत्रापुढे बसलेल्याला काय काय जमावं लागतं, याची चौकशी कुणी करत नाही.

हात हलवायचं मनात आलं की मेंदूच्या हालचालींशी संबंधित भागातली एक लय क्षीण होते. सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांची ही लय नुसत्या कल्पनेनेही दबते. डोक्यावरच्या टोपीतले इलेक्ट्रोड ती टिपतात आणि संगणक त्यावरून इरादा ओळखतो. पुनर्वसनात हे यंत्र हाताची जागा घेत नाही. रुग्णाने बोटं उघडायचा प्रयत्न केला की त्याच क्षणी विजेचा सौम्य झटका किंवा हातावर चढवलेला यांत्रिक सांगाडा ती उघडून देतो. इकडून आदेश निघाला आणि तिकडून हालचालीची संवेदना लगेच परत आली, असं वारंवार घडलं तर मेंदूतल्या शाबूत वाटा बळकट होतात, अशी यामागची कल्पना आहे.

ती निव्वळ कल्पना नाही, याचा चांगला पुरावा २०१८ साली मिळाला. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने लकव्याच्या २७ जुन्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना विजेचे झटके मिळाले. फरक एवढाच की एका गटाला ते मेंदूने प्रयत्न केला तेव्हाच मिळाले, दुसऱ्याला त्या प्रयत्नाशी संबंध न ठेवता. पहिल्या गटाची हाताच्या ६६ गुणांच्या चाचणीत सरासरी ६.६ गुणांची सुधारणा झाली आणि ती सहा महिन्यांनंतरही टिकून होती. चमत्कार म्हणावा असा हा आकडा नाही, पण लकव्याला वर्ष उलटून गेल्यावर हाताने एवढं पुढे सरकणंही थोडं नसतं.

आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे, अशा त्या उपचाराच्या दहा बैठका होत्या. भंडारा जिल्ह्यातल्या वरठीचा विचार करून पाहावा. ‘भंडारा रोड’ हे रेल्वे स्थानक याच गावात आहे आणि नागपूर तिथून साठेक किलोमीटरवर. असा उपचार नागपुरात सुरू झाला, तर वरठीच्या रुग्णाला दहा वेळा जाऊन यावं लागेल, तेही कुणाला तरी सोबत घेऊन. प्रवासाने थकलेल्या माणसाने तिथे पोचून एकाग्र व्हायचं! अंगातली क्षमता मोजणाऱ्या शोधनिबंधांत या थकव्याला जागा नसते.

त्या क्षमतेबद्दल बरंच काही कळलं आहे. बर्लिनच्या संशोधकांनी २०१० साली ८० जणांच्या अभ्यासात दाखवलं, की माणूस डोळे उघडे ठेवून स्वस्थ बसला असताना त्याची ती लय किती ठळक दिसते, यावरून पुढच्या यशाचा काही अंदाज बांधता येतो. फ्रान्समधल्या एका छोट्या अभ्यासात, वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्यात तरबेज असलेल्यांना यंत्र अधिक चांगलं जमलं. कल्पना कशी करायची, यालाही महत्त्व आहे. आपला हात हलताना लांबून पाहण्यापेक्षा तो हलल्याचं आतून जाणवून घेणाऱ्यांचा संकेत अधिक स्पष्ट येतो.

लकव्यात आणखी गुंता होतो. डाव्या मेंदूला इजा झाली की उजव्या हातासोबत अनेकदा भाषाही जाते, मग ‘कल्पना करा’ ही सूचनाच पोचत नाही. उजव्या मेंदूला इजा झाली तर काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. अशा रुग्णांना चाचण्यांतून बरेचदा वगळलं जातं, म्हणजे आशादायक आकडे निवडक लोकांचे असतात.

मग ज्याला जमत नाही त्याला बाद करायचं का? फ्रान्सचे संशोधक फाबिएँ लोत यांनी २०१३ मध्ये बोट शिकवण्याच्या पद्धतीकडे दाखवलं: सूचना मोघम, सराव कंटाळवाणा, आणि चुकलं तर का चुकलं याचा पत्ता नाही. हा आक्षेप रास्त आहे. २०१६ च्या झुरिकमधल्या सायबॅथलॉन स्पर्धेत मेंदूलहरींच्या शर्यतीचं सुवर्णपदक हातापायांची ताकद गेलेल्या ज्या स्पर्धकाने जिंकलं, त्याने त्याआधी कित्येक महिने सराव केला होता. तो यंत्र शिकला आणि यंत्र त्याला.

ओळखीच्या, रोजच्या हालचालीची कल्पना केली तर संकेत चांगला मिळतो, असंही काही प्रयोगांत दिसलं आहे. पडद्यावरचा बाण पाहून ‘हात हलवा’ म्हणण्यापेक्षा भंडाऱ्यातल्या बाईला विडी वळताना बोटं कशी चालत, रोवणीच्या वेळी पऱ्हे चिखलात कसे खोचत, ते आठवायला सांगावं. आयुष्यभराची ती हालचाल असते.

अशा उपचारयंत्रांच्या बाबतीत देशातलं ठळक काम आयआयटी कानपूरचं. तिथे प्राध्यापक आशिष दत्ता यांनी अल्स्टर विद्यापीठाचे गिरिजेश प्रसाद यांच्या साथीने मेंदूलहरींवर चालणारा हाताचा यांत्रिक सांगाडा घडवला. त्याची प्राथमिक चाचणी भारतातल्या चार आणि ब्रिटनमधल्या चार रुग्णांवर झाली. निष्कर्ष उत्साहाचे असले तरी आठ ही संख्या लहानच. अमेरिकेत २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘इप्सीहँड’ या यंत्राला सरकारी मंजुरी मिळाली. इजा झालेल्या बाजूचा संकेत क्षीण असतो, म्हणून ते मेंदूच्या निरोगी बाजूचा संकेत वाचतं.

असं यंत्र जवळच्या शहरात आलंच, तर घरच्यांनी आधी काही गोष्टी विचाराव्यात. रुग्णाला सूचना कळतात का, तासभर बसवतं का, सूचना त्याच्या बोलीत मिळतील का, किती बैठकांनंतर फरक मोजणार. एक साधी गोष्टही लक्षात असू द्यावी: केसांना तेल असलं की इलेक्ट्रोड त्वचेशी नीट टेकत नाहीत. त्या दिवशी डोकं धुऊन, तेल न लावता जावं.