उंच माणसाला छोटी स्पोर्ट्स कार
हुबळी-धारवाडच्या गाडीवेड्यांनो, बंगळुरूच्या सान मोटर्सची 'स्टॉर्म' आठवते? फायबरग्लास बॉडीची, दोन सीटची, आपल्याच राज्यातल्या कंपनीची देखणी गाडी! अशा ठेंगण्या गाडीत सहा फुटी माणसाचं डोकं छताला टेकतं. यावर सर्वांत स्वस्त उपाय फोमचा. कुशनवाल्याकडून सीटचं कव्हर उसवून घ्या आणि बुडाखालचाच फोम तासा. मांडीखालचा तसाच राहू द्या, नाहीतर लांबच्या प्रवासात पाय भरून येतात. माझदा मियाटा या अशाच छोट्या स्पोर्ट्स कारचे अनेक उंच मालक हेच करतात. दोन-तीन सेंटिमीटरनंही केवढा फरक पडतो!

सीटचे रेल खाली घ्यायचे असतील तर मात्र जाणकारच गाठा. अपघातात सीटचा सगळा भार रेलच्या बोल्टांवर येतो. सीटमध्ये एअरबॅग असेल तर कुठल्याही कामाआधी बॅटरीची जोडणी काढा. डोक्याला जागा मिळावी म्हणून सीटची पाठ फार मागे झुकवू नका, पट्टा खांद्यावर नीट बसत नाही.