घरच्या घरी ध्वनिशोषक फलक

रिकाम्या खोलीत टाळी वाजविली असता तिचा नाद क्षणभर घुमत राहतो. ध्वनी भिंतीवर आदळून परत येतो, समोरच्या भिंतीकडे जातो आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा क्षीण होतो. आमच्या इंदुरातील मराठी घरांतून आजीच्या जात्यावरच्या ओव्या भ्रमणध्वनीवर मुद्रित करण्याची प्रथा आता पडू लागली आहे. यांपैकी कित्येक ओव्या कोठेही लिहिलेल्या नाहीत. मुद्रणात एका शब्दाचा नाद दुसऱ्या शब्दावर पसरला, तर नेमका शब्द पुढील पिढीस कळणार नाही. म्हणून या घुमण्याचे शास्त्र आणि त्यावरील स्वस्त उपाय आम्ही येथे सांगत आहोत.

या शास्त्राचा पाया वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने घातला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळेनात; तेथे ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. सॅबिनने रात्रीच्या वेळी दुसऱ्या सभागृहातील गाद्या तेथे आणून मांडल्या आणि गाद्या वाढतील तसा घुमण्याचा काळ घटतो, हे मोजून दाखविले. त्याचा नियम असा: खोलीचे घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे व एकूण शोषणाने भागावे. घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक परिमाण, कारण खिडकीतून गेलेला ध्वनी परतत नाही.

४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीचे घनफळ ३६ घनमीटर व पृष्ठभाग ६६ चौरस मीटर होतो. गिलाव्याच्या भिंती शेकडा ४ भाग ध्वनी शोषतात असे धरल्यास शोषण सुमारे २.६, म्हणून काळ सुमारे २.२ सेकंद येतो. तेथे १० चांगले फलक लावले, तर तो पाऊण सेकंदाच्याही खाली उतरतो. लहान खोलीत हा हिशेब स्थूल मानाचाच समजावा.

फलकाची कृती सोपी आहे. हलक्या लाकडाच्या पट्ट्यांची १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद व ५ खोल अशी चौकट करावी. तीत रॉकवूलचा, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा, घट्ट थर बसवावा. या तंतूंतून हवा हलताना घर्षण होते व ध्वनीच्या शक्तीची किंचित उष्णता बनते. दोन्ही बाजूंस मांजरपाट ताणून चुका माराव्या. तोंड लावून फुंकल्यास ज्यातून वारा सहज जातो, तेच कापड योग्य. तंतू हाताळताना हातमोजे, लांब बाह्या व नाकातोंडावर योग्य मुखपट्टी अवश्य असावी.

भिंतीला अगदी चिकटून हवेचे कंपन जवळजवळ थांबते. म्हणून फलक भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे टांगावा. खर्जाच्या लहरी मोठ्या असतात; १०० आवर्तनांच्या स्वराची लहर सुमारे ३.४ मीटर भरते. त्यासाठी कोपऱ्यांत अधिक जाड फलक ठेवावे. गाणाऱ्याच्या जागी बसून मित्राला भिंतीवर आरसा सरकविण्यास सांगावे. ज्या ठिकाणी आरशात ध्वनिग्राहक दिसेल, तेथे पहिला फलक लावावा.

अंड्यांचे पुठ्ठे वा थर्माकोल चिकटवून हे काम नीट होत नाही. तसेच फलकांमुळे शेजारच्या रेडिओचा आवाज अडत नाही. त्यास जड भिंत व बंद फटी लागतात.

दोघातिघांनी मिळून सुट्टीच्या चार दिवसांत हे काम करावे. मग घरातील वडीलधाऱ्यांस आदराने त्या खोलीत बसवून त्यांच्या ओव्या मुद्रित करून घ्याव्या. हे कार्य पुढील वर्षावर टाकण्याजोगे नाही.